लिफ्ट केल्यावर गाडी लाईन सोडते: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इथले बहुतेक प्रश्न जिप्सीवाल्यांचे आहेत, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त हौशी लिफ्ट (म्हणजे गाडी मूळ उंचीपेक्षा उंच करणं) तिलाच बसल्या. पुढेमागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) आणि दोन्हीकडे अखंड ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा एकच दांडा) अशी साधी बांधणी असल्यामुळे घरच्या अंगणातही ती उंच करता येते आणि बिघडवताही येते. जिम्नी आणि थारचं वेगळं जिथे आहे तिथे वेगळं लिहिलंय.

गाडी "भटकते" म्हणजे नक्की काय होतं?

सरळ, सपाट रस्त्यावर ६०-७० च्या वेगात तुम्हाला सतत स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करत राहावं लागतं. गाडी एकाच बाजूला जात नाही, कधी इकडे कधी तिकडे जाते. मिस्तरी याला "लाईन सोडते" म्हणतात.

गाडी कायम एकाच बाजूला जात असेल तर ते ओढणं. त्याची कारणं वेगळी: एका टायरची हवा, चिकटलेला ब्रेक, टायरचीच खोड. टायरची खोड ओळखायला पुढची दोन चाकं आपसात बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. ठरावीक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग बघा. आणि खड्डा लागल्यावर स्टेअरिंग हातात फिरत असेल तर तो चौथाच आजार, त्याचं खाली लिहिलंय. मिस्तरीकडे जाऊन नुसतं "स्टेअरिंग बरोबर नाही" म्हटलंत तर तो त्याला येतं ते काम करून देईल. चौघांपैकी काय होतंय ते सांगा.

लिफ्टच्या आधी गाडी सुतासारखी सरळ जायची. दोन इंचांत असं काय बिघडलं?

बहुतेक वेळा कॅस्टर गेला.

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो उभा सरळ नसतो. वरचं टोक मागे, खालचं पुढे असा कललेला असतो. म्हणून चालत्या सायकलचे हात सोडले तरी ती सरळ जाते. चिमटा ज्या रेषेत वळतो ती रेषा जमिनीला जिथे टेकते, त्याच्या मागे टायर टेकतो, म्हणून चाक त्या रेषेमागे ओढलं जातं आणि आपोआप सरळ होतं. गाडीतही किंगपिनची (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिची) रेषा तशीच मागे कललेली असते. त्या कलाला कॅस्टर म्हणतात. तो कमी झाला की चाकाला स्वतःहून सरळ व्हायची इच्छाच उरत नाही, आणि ते काम तुमचे हात करतात.

आता जिप्सीचा पुढचा पाटा बघा. त्याचं मागचं टोक चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) पक्कं आणि पुढचं टोक शॅकलवर, म्हणजे झुलत्या जोडपट्टीवर. लांब शॅकल लावला की फक्त पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, सगळा पाटा पुढे झुकतो आणि पाट्याला बांधलेला ॲक्सलही त्याच्याबरोबर फिरतो. हिशोब सोपा आहे. शॅकल जितका वाढेल त्याच्या साधारण निम्मीच उंची ॲक्सलपाशी मिळते. म्हणजे पुढून २५ मिमी उंची हवी तर शॅकल ५० मिमी लांब लागतो. पाट्याच्या दोन डोळ्यांमध्ये (टोकांच्या भोकांमध्ये) समजा १००० मिमी अंतर आहे. एक टोक ५० मिमी खाली गेलं तर पाटा जवळजवळ ३ अंश कलला. अशा गाड्यांना कंपनीकडून येतानाच कॅस्टर तीन-चार अंशांच्या घरात असतो. म्हणजे एका इंचाच्या उंचीसाठी तुम्ही जवळपास सगळा कॅस्टर विकलात. माझ्या मते पुढे लांब शॅकल लावणं हा लिफ्टचा सर्वांत वाईट मार्ग आहे, आणि सर्वांत स्वस्त असल्यामुळे सर्वांत लोकप्रियही.

जास्त कमानीचे पाटे लावून उंची घेतली तर दोन्ही टोकं सारखीच खाली जातात आणि कॅस्टरला एवढा धक्का बसत नाही.

मी फक्त मागून उंच केली, पुढे हातही लावला नाही. तरी गाडी भटकते. का?

मागून वर गेली म्हणजे अख्खी चॅसी नाकावर झुकली, आणि कॅस्टर चॅसीबरोबर झुकतो. जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३७५ मिमी. मागून ५० मिमी उचललीत तर सव्वा अंशाच्या आसपास कॅस्टर गेला.

उलटंही होतं. मागे डिझेलचे कॅन, छपरावर तंबू, टूलबॉक्स असा संसार भरला की मागून गाडी बसते. कॅस्टर वाढतो, पण पुढच्या चाकांवरचं वजन हलकं होतं आणि पुढचं तोंड वाऱ्यावर तरंगल्यासारखं वाटतं. म्हणून तपासणी नेहमीच्या सामानासकट करा.

अलाइनमेंट करून घेतली, "सगळं ओके" म्हणाले. मग?

त्यांना विचारा, काय ओके? बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे टो: वरून बघता पुढची दोन चाकं आत वळलीत की बाहेर, ते. अखंड ॲक्सलच्या गाडीत दोन्ही चाकं एकाच टायरॉडने (आडव्या दांड्याने) जोडलेली असतात, त्यामुळे लिफ्टने टो फारसा हलतच नाही. जे बिघडलेलं नव्हतं ते त्यांनी तपासलं आणि ओके आलं. कॅस्टर बदलायला जिप्सीत बोल्ट नाही, म्हणून तो मोजण्याचे कष्टही कुणी घेत नाही. छापील कागद मागा आणि त्यावर दोन्ही चाकांचा कॅस्टर आहे का बघा. माझ्या गाडीची एका दुकानात तीनदा अलाइनमेंट झाली. तिन्ही कागदांवर कॅस्टरचा रकाना रिकामा होता आणि तिन्ही वेळा पैसे मात्र पूर्ण घेतले गेले.

तरी टो एकदा बघाच. पुढची चाकं पुढच्या बाजूला फाकलेली असतील, म्हणजे टो-आऊट असेल, तर गाडी डावी-उजवी झडप घालते. घरी बघायचं तर टायरच्या मधोमध खडूने रेघ मारा आणि ॲक्सलच्या उंचीवर पुढचं आणि मागचं अंतर टेपने मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा एखाद-दोन मिलिमीटरने तरी कमी हवं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये.

कॅस्टर घरी मोजता येतो का?

ढोबळ येतो. गाडी सपाट फरशीवर, चाकं सरळ. किंगपिनच्या वरच्या झाकणाचा मळ आणि रंग खरवडून काढा, त्यावर डिजिटल अँगल गेज पुढून मागे असा ठेवा. आधी फरशीवर ठेवून शून्य करायला विसरू नका. झाकण मागच्या बाजूला जितके अंश उतरतं, तितका कॅस्टर. मोबाईलचं ॲपही चालतं, फक्त कव्हर काढा.

गेज नसेल तर मोकळ्या मैदानात अगदी हळू वेगात स्टेअरिंग वळवा आणि हात सैल करा. स्टेअरिंग परत यायला हवं. आलं नाही तर दोन शक्यता: कॅस्टर गेला, किंवा काहीतरी घट्ट झालंय. फरक कळायला पुढचा भाग जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, चाकं हाताने वळवून बघा. लोण्यासारखी वळली तर कॅस्टर. अडत अडत वळली तर किंगपिन बेअरिंग, सुकलेला जॉइंट किंवा जास्त आवळलेला स्टेअरिंग बॉक्स. किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) बदलताना "ढिलं नको" म्हणून जास्त आवळणारे मिस्तरी मी पाहिलेत. त्या गाड्या जिथे वळवाल तिथेच राहतात.

कॅस्टरसाठी ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पाचर घालायची म्हणतात. जाड बाजू कुठे?

इथे निम्मे लोक चुकतात, आणि चुकले की उरलेला कॅस्टरही जातो.

जिप्सीचा ॲक्सल कंपनीतून पाट्याच्या वर बसलेला असतो. तशीच बांधणी असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे: ॲक्सलची पुढची कड उचलली जाते आणि किंगपिनचं डोकं मागे जातं. पाटे ॲक्सलच्या वर घेतले असतील तर जाड बाजू मागे. पाठ करू नका. बसवण्याआधी डोकं कुठे कलणार ते हाताने करून बघा.

पाचर पोलादी घ्या. ॲल्युमिनियमची दबते, मग यू-बोल्ट (पाटा ॲक्सलला बांधणारे) सैल होतात आणि नवा आजार सुरू होतो. पाट्याच्या मधला सेंटर बोल्टही तेवढा लांब लागतो. आणि हाव नको: किंगपिन मागे कलतो तसं पुढच्या डिफरन्शियलचं नाक खाली जातं, आणि प्रोपेलर शाफ्टच्या (डिफरन्शियलला ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवरचा कोन वाढतो. फोर बाय फोर लावल्यावर गुरगुर ऐकू आली तर पाचर जास्त झाली. दोन-तीन अंशांपुढे पाचरीने जाऊ नये, असं माझं मत.

ठीक. पण तपासायला सुरुवात कुठून करायची?

फुकटापासून.

हवा. घाटात किंवा वाळूत उतरताना हवा १५-१८ पीएसआयपर्यंत खाली केली आणि परतताना भरायची विसरली, हे दरवेळी कुणाचं तरी होतं. टायर मोठे असतील तर दाराच्या खांबावरचा आकडा जसाच्या तसा लागू नाही, आणि टायरवर छापलेला कमाल आकडा तर अजिबात नाही. टायरवर आडवा खडूचा पट्टा मारा, सरळ रस्त्यावर शंभरेक मीटर जा. मधलाच खडू पुसला गेला तर हवा जास्त, कडांचाच गेला तर कमी.

मग पाना. चाकांचे नट, यू-बोल्ट, शॅकलचे बोल्ट, आणि स्टेअरिंग बॉक्स चॅसीला धरणारे बोल्ट. नवीन पाटे बसवल्यावर यू-बोल्ट पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे असतात. कुणी आवळत नाही.

यानंतरची चाचणी सर्वांत मोलाची, आणि तिला फक्त एक मित्र लागतो. गाडी जमिनीवर, इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रल. मित्राने स्टेअरिंग पाव फेऱ्याने डावीकडे-उजवीकडे, न थांबता, हलवत राहायचं. तुम्ही बाजूने वाकून, चाकांच्या वाटेत न येता, स्टेअरिंगच्या दांड्यापासून सुरुवात करा आणि चाकापर्यंत एकेक जोड बघत चला: दांड्याचा जोड, बॉक्स, पिटमन आर्म (बॉक्समधून निघणारा हात), ड्रॅग लिंकची (तिथून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) दोन टोकं, टायरॉडची दोन टोकं. प्रत्येक जोडावर बोट ठेवा. जोडाचा एक भाग हलला आणि दुसरा क्षणभर उशिरा हलला, की तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला टकटक असा लागतो. चाकं जॅकवर उचलून ही चाचणी करू नका. वजन नसेल तर प्ले लपतो.

बघता बघता चॅसीकडेही नजर टाका. मोठे टायर आणि दगडांवरचे हिसके यांनी स्टेअरिंग बॉक्सजवळ चॅसीला बारीक चीर जाते. बॉक्स पूर्ण पक्का दिसतो, पण स्टेअरिंग हलवताना चॅसीच श्वास घेते. मी जिच्यावर दोन महिने घालवले ती गाडी अशीच निघाली.

शेवटी जॅक आणि स्टँड. चाक वरून-खालून धरून हलवा, मग डावी-उजवीकडून. नुसतं वर-खाली हलत असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन. कोणतं हे कळायला कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा: ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. फक्त डावी-उजवीकडे हलत असेल तर टायरॉडचं टोक.

मागच्या चाकांचा याच्याशी काय संबंध?

पुष्कळ. मागचा ॲक्सल थोडा जरी तिरपा फिरला तरी तो गाडीला मागून स्टेअरिंग करतो. पाट्याचे बुश (टोकांतले रबर) खलास असतील, सेंटर बोल्ट तुटला असेल, तर गॅस दिल्यावर गाडी एका बाजूला आणि सोडल्यावर दुसऱ्या बाजूला सरकते. हीच त्याची खूण. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. फरक निघाला तर पुढचा एकही जोड बदलण्याआधी तो शोधा.

जिम्नीचं काय वेगळं?

जिम्नीतही दोन्ही ॲक्सल अखंड आहेत, पण पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग. ॲक्सलला पुढेमागे धरणारे दोन लांब आर्म आणि आडवं धरणारा लॅटरल रॉड. यातून दोन प्रश्न निघतात.

पहिला, तोच कॅस्टर. गाडी वर गेली की आर्म खाली कलतात आणि ॲक्सल फिरतो. आर्मची लांबी समजा ७५० मिमी असेल तर ५० मिमी लिफ्टने साधारण पावणेचार अंश जातात. उपाय म्हणजे मध्य सरकवलेले, कॅस्टर सुधारणारे बुश, किंवा तसा कोन दिलेले नवे आर्म. लिफ्टचं किट घेताना यापैकी काहीतरी त्यात आहे का ते आधी विचारा. नुसत्या स्प्रिंग आणि शॉकअपचं किट हे अर्धं किट आहे.

दुसरा, लॅटरल रॉड. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला. गाडी उचलली की रॉड तिरका होतो आणि ॲक्सलला बाजूला ओढतो, दोन इंचांना साधारण अर्धा सेंटीमीटर. एवढ्याने गाडी भटकत नाही, पण स्टेअरिंग वाकडं बसतं. ते ड्रॅग लिंक फिरवून सरळ करायचं, स्टेअरिंगचं चाक काढून दुसऱ्या दातावर बसवून नव्हे. जिम्नीत ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) आहे आणि तिला स्टेअरिंग किती वळलंय हे सेन्सर सांगतो. वाकडं स्टेअरिंग तसंच ठेवलंत तर गाडीला वाटतं तुम्ही कायम वळताय. दिवा लागतो, कधी सरळ रस्त्यावर एका चाकाला ब्रेकही लागतो, आणि माणसं त्याला भटकणं समजून बुश बदलत बसतात.

लॅटरल रॉडचे बोल्ट मात्र वरच्या मित्राच्या चाचणीत नक्की बघा. तिथे अर्धा मिलिमीटर प्लेसुद्धा चालत नाही.

आणि थार?

२०२० पासूनच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणून वरचं पाटे-पाचरीचं गणित तिला लागू नाही. स्ट्रटवर (स्प्रिंग-शॉकअपच्या जोडीवर) स्पेसर (उंची वाढवणारा तुकडा) टाकला की आर्म खाली झुकतात आणि टो, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेरचा कल), कॅस्टर सगळंच एकदम हलतं. इथे लिफ्टच्या दिवशीच अलाइनमेंट हवी, आणि इथे अलाइनमेंटवाल्याचा "ओके" कामाचा. कॅस्टर आकड्यात बसत नसेल तर बदललेले वरचे आर्म लागतात. स्पेसरवर स्पेसर चढवू नका. बॉल जॉइंट आधीच टोकाच्या कोनात असतो.

खड्डा लागला की स्टेअरिंग आपोआप वळतं.

हा ड्रॅग लिंकचा कोन. ती जवळपास आडवी असताना चाक वर-खाली झालं तरी फारसा फरक पडत नाही. उंच गाडीत ती तिरकी उभी राहते, आणि ॲक्सल वर आला की चाकाला ढकलते. तपासायला गाडी उभी, स्टेअरिंगचं लॉक उघडं, आणि दोघांनी पुढच्या बंपरवर उभं राहून गाडी दाबायची-सोडायची. आत स्टेअरिंग फिरताना दिसलं तर हाच दोष. पाटे ॲक्सलच्या वर घेतलेल्या जिप्सीत वाकवलेली ड्रॅग लिंक लावतात. ती जागेला बसते, पण वाकलेला दांडा जोर आला की थोडा लवचिक होतो आणि तोही हाताला प्ले वाटतो. स्टेअरिंगचे दांडे ॲक्सलच्या वरून नेणं हा बरा उपाय, पण काम चांगल्या हातांचं हवं. स्टेअरिंगच्या दांड्यांवर गल्लीतलं वेल्डिंग नको.

जिम्नीत लॅटरल रॉड आणि ड्रॅग लिंक एकमेकींना समांतर राहिल्या पाहिजेत. एकीचीच जागा खाली आणलीत तर खड्ड्याचा त्रास वाढेल.

स्टेअरिंग डॅम्पर बदलला की बरं वाटतं. मग तेवढंच पुरे ना?

ताप उतरवायची गोळी आहे ती. डॅम्पर थरथराट गिळतो, भटकणं बरं करत नाही. तपासणी करताना उलट तो एका टोकाने सोडून ठेवा, म्हणजे दोष उघडा पडतो. पण तसं सोडून हायवेवर जाऊ नका.

स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले काढू का?

सगळ्यांत शेवटी, आणि चाकं सरळ असताना, थोडाथोडाच. बॉक्सचा मधला भाग जास्त झिजतो. तिथला प्ले काढायला आवळलं की स्टेअरिंग परत यायचं थांबतं, आणि मग त्याला कॅस्टरचा दोष समजून लोक पाचर घालतात.

मोठे टायर आणि स्पेसर?

मड टेरेन (चिखलासाठीच्या) टायरच्या नक्षीचे उंच ठोकळे रस्त्यावर वाकतात, म्हणून थोडी सुस्ती येणारच. ती दुरुस्त होत नाही, तिच्याशी जमवून घ्यावं लागतं. चाकामागे घातलेला स्पेसर किंवा बाहेर निघालेल्या रिममुळे मात्र चाक वळण्याच्या रेषेपासून दूर जातं आणि रस्त्यावरची प्रत्येक कड, प्रत्येक चाकोरी स्टेअरिंगला ओढते. शंका असेल तर जुनी चाकं एक दिवस चढवून चालवा. दोष गेला तर शोध संपला.

६०-७० ला खड्डा लागला आणि सगळं पुढचं तोंड थडथडायला लागलं. थांबेचना!

ते भटकणं नाही. अखंड ॲक्सलच्या गाडीतला तो वेगळाच आणि धोक्याचा प्रकार. स्टेअरिंग घट्ट पकडून भांडू नका, गॅस सोडा, वेग कमी होऊ द्या, बाजूला थांबा. नंतर किंगपिन, टायरॉड, जिम्नीत लॅटरल रॉड, आणि चाकांचं बॅलन्सिंग तपासल्याशिवाय ती गाडी हायवेवर नेऊ नका.

लिफ्ट कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. विम्याचा दावा करताना हे निघतं. एवढं माहीत असू द्या.

दुरुस्ती झाल्यावर कुठे चालवून बघू?

पहाटे, वारा नसताना, रिकाम्या आणि सपाट रस्त्यावर. आपले रस्ते पाणी जायला मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात, म्हणून गाडी थोडी डावीकडे जाणं दोष नव्हे. एकदा एका लेनमधून, एकदा दुसरीतून जा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा: तारीख, हवा, काय बदललं, काय वाटलं. आणि पुढच्या आठवड्यात यू-बोल्ट पुन्हा आवळा.